राईतली वाळूची वाट आणि तिला धरणारे गवत



ऊस फडातून निघून गव्हाणीत पडेपर्यंत किती वाटांनी जातो, याचा विचार आपण फारसा करीत नाही. वार्षिक सभेत रस्त्यांचा विषय निघतो, तो डांबरी रस्त्यांचा किंवा पाणंदीचा. पण फडापासून गाडीपर्यंतची जी पायवाट, जिच्यावरून तोडणीवाल्या बाया-बाप्ये डोक्यावर मोळी घेऊन चालतात, तिच्याबद्दल कुणी उठून प्रश्न विचारल्याचे आम्हाला आठवत नाही. आम्हीही कधी विचारला नाही. एक पाय मोडला तेव्हा आमचे डोळे उघडले. त्याची ही हकिगत आहे. हकिगतीबरोबर, वाळूसर जमिनीतली वाट गवताने व वेलींनी कशी धरून ठेवावी, याबद्दल चार वर्षांत आम्ही जे शिकलो तेही येथे देत आहोत.

आमचे शिवार निफाड तालुक्यात गोदाकाठी आहे. गावाचे नाव मुद्दाम घालत नाही, कारण अशी वाट एकट्या आमच्याच गावाला नाही. वस्ती आणि नदीकाठची मळई यांच्या मध्ये जुनी राई आहे. करंज, जांभूळ, बाभूळ, चार-दोन मोठ्या चिंचा आणि त्यांच्या सावलीत म्हसोबाचे ठाणे. या राईतून उतरत जाणारी वाट हाच पलीकडच्या ऊसाला जाण्याचा जवळचा मार्ग. वरचे शिवार काळे, भारी आहे. पण राईतला उतार मात्र वाळूसर. गोदामाईने पुरांमागून पूर आणून ही वाळू टाकलेली. १९६९ चा पूर म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकला, २००८, २०१६ आणि २०१९ चे आम्ही डोळ्यांनी पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये सायखेडा-चांदोरीकडे पाणी घरादारांत शिरले, ते आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. त्या पुराने आमच्या राईत वीतभर वाळू आणून टाकली. खालचे गवत तिच्याखाली गुदमरून मेले आणि वाट उघडी पडली.

पाय मोडला तो दिवस

पुढच्या पावसाळ्यात त्या उघड्या वाटेला ओघळ पडला. पहिल्या वर्षी हातभर रुंद, दुसऱ्या वर्षी कमरेएवढा खोल. आम्ही ओघळाच्या कडेने चालू लागलो, तशी कडही ढासळू लागली. एका वाटेच्या तीन वाटा झाल्या आणि तिन्ही वाईट. हंगामात नांदगावकडची टोळी आली. ट्रॉली राईत उतरत नाही, म्हणून मोळ्या डोक्यावरून वर आणाव्या लागतात. टोळीतल्या एका मावशीचा पाय वाळूवरून घसरला, ती मोळीसकट ओघळात गेली आणि घोट्यात पाय मोडला.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपण जाणताच. एक पाय मोडला म्हणजे अर्धा कोयता गेला, आणि घेतलेली उचल मात्र पुरी फेडायची. मुकादम आमच्याकडे आला आणि सरळ म्हणाला, “दादा, ह्या वाटंनं आता मोळी नेणार नाय. तुमचा ऊस गोड, पण आमचा पाय काय फुकट आला का?” त्याला उत्तर देण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. चिटबॉयने तोड पुढे ढकलली, पलीकडचा फड उन्हात वाळत राहिला, वजनाला मार बसला. ते नुकसान आम्ही सोसले. मावशीचे नुकसान मात्र भरून देता आले नाही. दवाखान्याचा खर्च सर्वांनी मिळून केला, इतकेच.

बैठक आणि दोन मते

म्हसोबाच्या पारावर बैठक झाली. एका तरुण सभासदाने जेसीबी लावून वाट बारा फूट करावी, मुरूम टाकावा, म्हणजे ट्रॉलीच खाली जाईल, असे सुचवले. बहुतेकांनी माना डोलावल्या. वाट रुंद करायची तर कडेची आठ-दहा करंज-जांभळे काढावी लागणार होती. तेव्हा आमच्यातले सर्वांत वडील, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, ते म्हणाले, “झाडं गेली म्हंजे काठ गेला. काठ गेल्यावर वाट कुठून नेशीला? आधी भर पावसात चला माझ्यासंगं, पाणी येतं कुठून ते बघू. मंग काय तोडायचं ते तोडा.”

आषाढात जोराचा पाऊस लागला त्या दिवशी आम्ही सात-आठ जण गोणपाटाच्या खोळी घेऊन आबांच्या मागे वाटेने चाललो. जे पाहिले ते सांगायला संकोच वाटतो. पाणी आकाशातून पडत होते हे खरे, पण ओघळ खणणारे पाणी आमच्याच शेतांतून येत होते. वरच्या दोन शेतांचे जादा पाणी काढून देण्याचे चर आम्ही सोयीसाठी थेट वाटेच्या तोंडाशी सोडले होते. वाट म्हणजे आयती नाळ. उताराची, तुडवून घट्ट झालेली, दोन्ही बाजूंनी उंच. पाणी तिच्यात शिरले की बाहेर पडायला जागाच नाही. ते पळत सुटते आणि पळता पळता वाळू घेऊन जाते.

वाळूचा स्वभाव भारी जमिनीपेक्षा वेगळा आहे. काळी माती चिकट, ढेकूळ धरून बसते. वाळूचा कण कणाला धरत नाही. मोकळी वाळू पाणी झटकन पिऊन टाकते, पण ते धरून ठेवत नाही. चार दिवस उघडीप झाली की वीतभर खोलीपर्यंत कोरडी ठाक. खतही त्याच पाण्याबरोबर खाली उतरून जाते. म्हणून वाळूत लावलेले रोप एक तर तहानेने मरते, नाही तर पुढच्या सरीत मुळासकट वाहून जाते. कणाला कण धरायला लावणाऱ्या गोष्टी दोनच: जिवंत मुळे आणि कुजलेला पालापाचोळा. आमच्या वाटेवर तेव्हा दोन्ही नव्हते.

पहिल्या वर्षीची फजिती

आम्ही चर वळवले, तेवढे काम पहिल्याच वर्षी झाले. मग उत्साहाच्या भरात दोन चुका केल्या.

पहिली चूक घाईची. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि आम्ही त्याच संध्याकाळी गवताचे ठोंब लावले. पुढे बारा दिवस आभाळ कोरडे. वाळू तापली आणि ठोंब भाजून निघाले. आता आम्ही ओल दोन विती खाली गेली आहे की नाही हे पहारीने उकरून पाहतो, आणि मगच हात घालतो. साधारणपणे आर्द्रा लागल्यावर, आभाळ भरून असताना लावलेले नव्वद टक्के पदरात पडते, असा आमच्या वाटेचा अनुभव आहे.

दुसरी चूक मोठी होती. एका रोपवाटिकेतून आम्ही पिवळ्या फुलांची, पटापट पसरणारी वेडेलिया नावाची वेल आणली. बंगल्यांच्या बागांत ती सगळीकडे दिसते. दिसायला छान आणि वाढायला जोरकस. ती परदेशातून, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आलेली आहे. जिथे कांडे टेकेल तिथे मूळ धरते. पाटाच्या कडेला पोहोचल्यावर ती कुणाचे ऐकेना. तोडलेला तुकडा पाण्याबरोबर खाली गेला तरी तिथे रुजायचा. पुढचे वर्षभर आम्ही ती उपटत होतो. बागेतली वेल कुंडीत शोभते, राईत आणू नये, हा धडा मिळाला. नांदूर मधमेश्वरच्या काठावरच्या सभासदांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. ते पक्षी अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले आणि पुढे रामसर यादीत गेले. महाराष्ट्रातले ते पहिले रामसर स्थळ. तिथल्या वाटांवर काही लावायचे तर वनखात्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

पाय कुठे, पाणी कुठे

दुसऱ्या वर्षी आम्ही डोके थंड ठेवून वाटेचे तीन भाग केले.

पहिला भाग पायाखालचा, दोन-अडीच फुटांचा पट्टा. येथे रोज पाय पडतो, हंगामात भारासकट पडतो. या पट्ट्यावर कुठलेही गवत टिकत नाही आणि टिकवायचा हट्टही धरू नये. येथे आम्ही नदीतले चपटे दगड पायरीसारखे बसवले आणि मधल्या जागेत ऊसाचे पाचट अंथरले. वाटेला आडवे, पण जरा तिरके, दर दहा-बारा पावलांवर दगडांचे अडसर घातले. त्यामुळे पाणी वाटेवर पळत न राहता बाजूला उतरते.

दुसरा भाग दोन्ही कडांचा, प्रत्येकी दोन-तीन हात. वाट टिकते ती या कडांवर. गवत आणि वेली लावायच्या त्या येथे.

तिसरा भाग अडसरावरून उतरलेले पाणी जिथे जाऊन पडते तो. तिथे नुसती वाळू ठेवली तर नवा ओघळ तिथून सुरू होतो. तिथे सर्वांत दाट आणि खोल मुळांचे गवत हवे.

थोडक्यात, पाय जिथे पडतो तिथे दगड-पाचट, आणि पाणी जिथे पळते तिथे गवत. इतके समजायला आम्हाला एक वर्ष आणि एक मोडलेला पाय लागला.

कोणते गवत, कुठे

हरळीचे नाव काढताच आपल्यापैकी निम्मे वाचक अंक खाली ठेवतील, हे आम्ही जाणून आहोत. ऊसात हरळी आणि लव्हाळा घुसला की खुरपणीवर किती पैसा जातो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण उघड्या, उन्हाच्या वाळूला धरून ठेवण्यात हरळीसारखी दुसरी नाही, हेही खरे. जमिनीवर धावते, पेराला पेर रुजवते, तुडवली तरी पुन्हा उठते. म्हणून आम्ही नियम केला: राईच्या मधल्या उघड्या भागात हरळी असेल तिथे राहू द्यायची, पण फडाच्या बांधापासून वीस पावलांच्या आत हरळीचा तुकडाही न्यायचा नाही. सावलीत तर ती आपणहून मरते, तिथे लावण्यात अर्थच नाही.

बांधालगतच्या कडांवर आम्ही मारवेल लावले. हे आपल्याच मातीतले बारमाही गवत, जनावरांना आवडते, आणि हरळीसारखे शेतात घुसून छळत नाही. मारवेल-८ हा वाण आपल्याकडे पुष्कळांच्या बांधावर आहेच; शेजाऱ्याकडून ठोंब मागून आणावे, विकत घ्यायची गरज नाही. आम्ही वीतभर अंतराने दाट लावले. जिथे वाळू फारच मोकळी आणि ऊन कडक, तिथे अंजन गवत (अंजनाचे झाड नव्हे) चांगले आले. त्याचे बी हलके, पिसासारखे असते. ते ओलसर मातीत कालवून टाकावे, नाही तर निम्मे वाऱ्यावर जाते. आणि खोल पुरू नये.

गवत अंग धरेपर्यंत पहिले तीन महिने वाळू झाकणार कोण? या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरातल्या बायांनी दिले. “मठ टाका की,” एक काकू म्हणाल्या, “मठाचा वेल सगळं झाकून टाकतो.” हलक्या, रेताड जमिनीत मठ आणि हुलगा कसे पसरतात हे आपण लहानपणापासून पाहतो, पण वाटेच्या कडेला ते टाकावेत हे आम्हा बाप्यांच्या डोक्यात आले नव्हते. मठाची वेल जमिनीला चिकटून चालते आणि पावसाचा थेंब थेट वाळूवर पडू देत नाही. शिवाय कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. दसऱ्यापर्यंत वेल वाळली तोवर खालचे मारवेल उठून आले होते. वर शेंगा घरी आल्या त्या वेगळ्याच.

दाट सावलीच्या भागात, चिंचा-जांभळांखाली, यातले काहीच जमले नाही. तिथे आम्ही काही लावायचे सोडून दिले आणि एक सवय बदलली. दरवर्षी म्हसोबाच्या जत्रेआधी राई झाडून पालापाचोळा पेटवून द्यायचा, अशी आमची रीत होती. आता ठाण्यापुढचे अंगण तेवढे झाडतो, बाकीचा पाला जिथल्या तिथे राहतो. दोन पावसाळ्यांत त्या पाल्यातून तेरडा आणि रानहळद आपणहून वर आली. बी मातीत होतेच, आपणच त्याला उठू देत नव्हतो.

लोकांनी पुन्हा तीन वाटा पाडू नयेत म्हणून वळणांवर अडुळसा आणि नदीच्या अंगाला निरगुडी लावली. दोन्हींना गुरे तोंड लावत नाहीत, आणि फांदी खोचली तरी पावसाळ्यात लागतात. माणसाला ‘इकडून जाऊ नको’ असे पाटी लावून सांगितले तर तो मुद्दाम जातो. झुडूप समोर आले की मुकाट वळतो.

फिजीचा ऊस आणि आपला वाळा

तिसऱ्या भागासाठी, म्हणजे पाणी उतरते तिथे, आम्ही वाळा लावला. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच हा वाळा. त्याची गोष्ट ऊसवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे.

फिजी बेटांवरही आपल्यासारखाच ऊस पिकतो, आणि तो बराचसा उतारावर. १९५० च्या दशकात तिथल्या ऊसाच्या उतारांवरून माती वाहून जाऊ लागली, तेव्हा जॉन ग्रीनफील्ड या गृहस्थांनी उताराला आडव्या अशा वाळ्याच्या ओळी लावल्या. गवताच्या दाट कुंपणामागे माती साठत गेली आणि वर्षानुवर्षांनी तिथे आपोआप पायऱ्या-पायऱ्यांची शेते तयार झाली. पुढे १९८० च्या दशकात हेच ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ जागतिक बँकेच्या कामानिमित्त भारतात आले आणि वाळ्याचा प्रचार करू लागले. तेव्हा त्यांना आढळले, की कर्नाटकात गुंडलुपेठच्या बाजूला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वाळ्याचे बांध राखून आहेत. म्हणजे विद्या आपलीच, फिरून आपल्याकडे आली.

वाळ्याची मुळे बाजूला पसरत नाहीत, सरळ खाली उतरतात, दोन-तीन मीटर सहज. म्हणून तो शेजारच्या पिकाशी फारसा भांडत नाही. दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा बहुधा बियांनी पसरत नाही, म्हणून तो हरळीसारखा शेतात घुसण्याची भीती नाही. मात्र ठोंब आणताना तो लागवडीचाच आहे याची खात्री करावी. दोन-तीन फुटव्यांचे ठोंब, वरचे पाते वीतभर ठेवून छाटावे आणि एका ओळीत चार-सहा बोटांच्या अंतराने लावावे. अंतर जास्त ठेवले तर मधून पाणी फट शोधते आणि ओळ फुकट जाते. वाळ्याला ऊन लागते. सावलीत लावलेली आमची एक ओळ रोडावली, ती शेवटी काढली.

कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आहे. समुद्राची मर्यादा राखते म्हणून मर्यादवेल. एका सभासदाने सासुरवाडीहून तिची कांडी आणायची तयारी केली होती. आम्ही नको म्हटले. खाऱ्या वाळूची वेल तिथे शोभते. आपल्या नदीकाठाला आपल्या नदीकाठचेच गवत बरे.

पाचट: घरचे आच्छादन

आपल्या ऊसवाल्यांपाशी असे एक आच्छादन आहे जे इतरांना विकत घ्यावे लागेल, आणि आपण ते पेटवून देतो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. खोडव्यात पाचट कुजवताना टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकावे, ही शिफारस आपल्या शेतकी खात्याकडून आपण ऐकत आलो आहोत. वाटेवर मात्र हे काहीच टाकू नये. खोडव्यात पाचट लवकर कुजावे असे वाटते. वाटेवर ते जितके उशिरा कुजेल तितके बरे. आम्ही चार-पाच बोटे जाडीचा थर देतो आणि दर हंगामानंतर नवा टाकतो. जुन्या थराखालची वाळू तिसऱ्या वर्षी हातात घेतली तर ती काळपट, किंचित ओली लागते. गांडुळे आली आहेत.

कडांवर गवत लावताना प्रत्येक ठोंबाखाली ओंजळभर कुजलेली मळी किंवा शेणखत घातले. ताजी मळी तापते, मुळे जळतात. ती घालू नये.

पण पाचटाची एक भीती आहे, ती सांगितलीच पाहिजे. फाल्गुन-चैत्रात वाळलेले पाचट आणि वाळलेले गवत ही आगीची तयारीच. एका विडीने राई जाईल. म्हणून आम्ही होळीच्या आधी कडांचे गवत कापून जनावरांना घालतो, आणि वाटेवरच्या पाचटात दर पन्नास पावलांवर दहा पावले नुसते दगड, असा खंड ठेवतो. गवत कापण्याचे दुसरेही कारण आहे. पायाजवळ गुडघाभर गवत असले की फुरसे-घोणसाची भीती. पायपट्ट्याच्या हातभर अंतरात गवत वीतभरापेक्षा उंच होऊ द्यायचे नाही, हा बायांनी घातलेला नियम आहे आणि तो योग्य आहे.

काय येऊ द्यायचे नाही

मोकळी केलेली जमीन रिकामी राहत नाही. आपण काही लावले नाही तर गाजरगवत येते. १९५० च्या दशकाच्या मध्याला पुण्यात पहिल्यांदा दिसलेले हे गवत आता आपल्या प्रत्येक वाटेच्या कडेला आहे. ते फुलावर येण्याआधी, ओल असताना, मुळासकट उपटावे. हातात मोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी घालून. घाणेरीचेही तेच. वाळूत गोखरूही फार येते. त्याचे काटे तयार होण्याआधी काढले नाही तर अनवाणी पोरांचे हाल.

डोंगराकडच्या सभासदांना मात्र आम्ही वेगळे सांगू. अंजनेरीच्या पठारावर अशा दुर्मिळ वनस्पती आहेत, की कंदीलपुष्पांतल्या एका जातीला नावच अंजनेरीचे मिळाले आहे. तिथे वाटेची धूप दिसली म्हणून आपण गोणीभर गवताचे बी नेऊन टाकले, तर उपकारापेक्षा अपकार होईल. तिथे एकच काम: मळलेल्या वाटेवरूनच चालायचे, नवी वाट पाडायची नाही. बाकी तिथली माती स्वतःचे पाहून घेते. नाशिक शहरातल्या मंडळींनी २०१५ पासून सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर स्थानिक झाडांची देवराई उभी केली आहे, ती सवडीने पाहून यावी. आपल्या मातीतली झाडे निवडली आणि वर्षानुवर्षे पाणी-राखण केली की उघडा डोंगर कसा बदलतो, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

आज वाट कशी आहे

चार पावसाळे झाले. वरच्या दोन तृतीयांश वाटेवर ओघळ भरत आला आहे. तिन्ही वाटांची पुन्हा एकच झाली. करंज-जांभळांतले एकही झाड काढावे लागले नाही. ज्याने जेसीबीची सूचना केली होती तोच तरुण आता अडसरांची देखरेख करतो. प्रत्येक मोठ्या पावसानंतर फावडे घेऊन जातो आणि साठलेली वाळू काढतो, कारण अडसर भरला की पाणी त्याच्यावरून उडी मारते.

सगळे साधले असे मात्र नाही. खाली ओहोळ ओलांडतो तिथली पन्नास पावले दरवर्षी वाहून जातात. तिथे वाळाही टिकला नाही. नदीला पाणी आले की त्याच्या मुळाखालची वाळूच निघून जाते. तिथे दगडी फरशी घालावी, की मोळीची वाट जरा वरून फिरवावी, यावर अजून एकमत नाही. वरून फिरवायची तर एका सभासदाच्या शेताची दोन हात पट्टी जाते. त्याचे म्हणणे, “माझीच का?” त्याचे चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमचेही चर वर्षानुवर्षे त्याच्याच बांधाकडे वाहत होते. ते नुकसान भरून देण्याचे बोलणे आधी व्हावे, मग पट्टीचे, असे आम्हाला वाटते.

तीच टोळी गेल्या हंगामात पुन्हा आली होती. मावशी आता मोळी उचलत नाही. फडातच पाचट सोलते, मोळ्या बांधते. पाय जरा वाकडाच बसला आहे. पहिल्या दिवशी ती वाटेने सावकाश खाली उतरली, वळणावरच्या दगडावर थांबली आणि म्हणाली, “आता बरी केली की ओ वाट.” मग जरा वेळाने, “आधी केली असती तर.” त्यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही.

सभासद बंधूंनो, आपल्या फडाची वाट एकदा भर पावसात चालून पाहा. पाणी कुठून येते ते पाहा. बहुधा ते आपल्याच शेतातून येत असेल. ज्यांना मारवेल किंवा वाळ्याचे ठोंब हवे असतील त्यांनी आर्द्रा लागल्यावर आमच्या गट कार्यालयात निरोप ठेवावा. पैसे नकोत, गोणी आपली आणावी. आणि ज्यांना ओहोळाजवळच्या त्या पन्नास पावलांसाठी काही उपाय सुचत असेल, त्यांनी मृगाच्या आधीच्या रविवारी सकाळी म्हसोबाच्या पारावर यावे. फावडे-घमेले बरोबर असेल तर उत्तमच. चहा आमच्याकडे.